कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र एकाच पदवीत: नेमकं काय शिकतात, आणि त्यातून वकील होता येतं का?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा मुलगा अठरा वर्षांच्या आतला होता. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. पुढचे कित्येक दिवस सोशल मीडियावर निबंधाचे मीम्स आणि संताप यांचा पूर आला होता. जुलै २०२५ मध्ये मंडळाने या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली, तेव्हा तोच वाद पुन्हा पेटला.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. पहिला कायद्याचा: बाल न्याय कायदा, २०१५ नेमकं काय सांगतो? दुसरा गुन्हेगारीशास्त्राचा: सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला परिणामांची समज किती असते, आणि त्याला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवल्याने पुढचे गुन्हे कमी होतात की वाढतात?

गंमत अशी, की कायद्यानेच हे दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत. या कायद्याच्या कलम १५ नुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळाला ‘प्राथमिक मूल्यांकन’ करावं लागतं. मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे त्यात पाहायचं असतं. हे मूल्यांकन फार नाजूक काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. मंडळात बाल-मानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असंही बजावलं. म्हणजे अशा प्रकरणात उभ्या राहणाऱ्या वकिलाला नुसती कलमं पाठ असून भागत नाही. त्याला मानसशास्त्रज्ञाचा अहवाल वाचता यायला हवा आणि त्यातल्या कच्च्या जागा दिसायला हव्यात.

कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र, म्हणजे क्रिमिनॉलॉजी, एकत्र शिकवणाऱ्या पदव्या या गरजेसाठी आहेत. बारावीनंतर या वाटेकडे पाहणाऱ्या मुलामुलींची संख्या कमी नाही, पण त्यांच्या मनातलं चित्र बऱ्याचदा वेब सिरीजमधून आलेलं असतं. तिथूनच सुरुवात करायला हवी.

गुन्हेगारीशास्त्र म्हणजे फॉरेन्सिक नव्हे

हा सगळ्यात मोठा गोंधळ. रक्ताचे डाग, डीएनए, बोटांचे ठसे, बंदुकीच्या गोळीवरच्या खुणा हे सगळं न्यायसहायक विज्ञान, म्हणजेच फॉरेन्सिक सायन्स. ते शिकायला विज्ञान शाखा लागते आणि काम प्रयोगशाळेत चालतं. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

गुन्हेगारीशास्त्राचा पिंड वेगळा आहे. ते समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या घरातलं. गुन्हा कोणी केला, हे शोधणं त्याचं काम नाही. गुन्हे का घडतात, ठरावीक वस्तीत किंवा ठरावीक वयात जास्त का घडतात, कोणत्या कृत्याला ‘गुन्हा’ म्हणायचं हे कोण ठरवतं, शिक्षेने माणूस सुधारतो का, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं पुढे काय होतं, हे त्याचे प्रश्न. शेवटच्या प्रश्नासाठी तर ‘व्हिक्टिमॉलॉजी’ म्हणजे पीडितशास्त्र अशी स्वतंत्र शाखाच आहे. शिक्षेचा विचार करणाऱ्या शाखेला दंडशास्त्र म्हणतात.

सिरीयल किलरच्या डोक्यात शिरणारा ‘प्रोफाइलर’ हा या विषयाचा अगदी लहानसा कोपरा आहे. भारतात तशी भरती तर जवळपास नाहीच. निव्वळ त्यासाठी पाच वर्षं घालवायचा विचार असेल, तर तो आताच तपासून घेतलेला बरा.

बेकारियापासून सोलापूरच्या सेटलमेंटपर्यंत

या विषयाचा पाया बहुतेक अभ्यासक्रमांत दोन इटालियन माणसांपासून घातला जातो. चेझारे बेकारिया याने १७६४ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी, छळ आणि देहदंड बंद व्हावेत, आणि शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती किती खात्रीने होते याचा धाक जास्त असतो, असं त्याने मांडलं. हे आजही लागू पडतं. एखाद्या गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांवरून दहा वर्षांवर नेली, तरी खटला वर्षानुवर्षं रखडणार असेल तर धाक कुठून येणार?

दुसरा चेझारे लोंब्रोसो. त्याने १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली. जबडा, कान, कवटी यांच्या आकारावरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. तो दावा पुढे साफ कोसळला. तरीही तो शिकवला जातो, कारण विज्ञानाच्या नावाखाली पूर्वग्रह कसा खपतो याचा तो धडा आहे.

त्या धड्याचं आपल्याकडचं रूप जास्त भीषण आहे. लोंब्रोसोच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ आणला. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती असं त्याचं स्वरूप होतं. सोलापूरची सेटलमेंट ही त्यातली महाराष्ट्राला सगळ्यात ठाऊक असलेली वसाहत. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या, पण संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी मध्यमवर्गाने हे पहिल्यांदा नीट ऐकलं असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये ‘लेबलिंग’चा सिद्धांत मांडला. एखाद्यावर गुन्हेगार असा शिक्का बसला, की समाज त्याला इतर वाटा बंद करतो आणि तो शिक्काच पुढे खरा ठरत जातो, असा त्याचा गाभा. कुणाही पारधी कुटुंबाला हा सिद्धांत पुस्तकातून शिकायची गरज पडणार नाही.

कायदा यात कुठे येतो? ऑक्टोबर २०२४ मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. सफाईचं काम विशिष्ट जातीच्या कैद्यांना, स्वयंपाकाचं दुसऱ्या जातीच्या, अशा तरतुदी अनेक राज्यांच्या नियमावल्यांत होत्या. विमुक्त जमातींच्या माणसांकडे ‘सराईत गुन्हेगार’ म्हणून पाहणाऱ्या तरतुदींचाही निकालात समाचार आहे. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. तुरुंगात प्रत्यक्ष काय चाललंय हे गोळा करणारी नजर आणि ते घटनेच्या कलमांत बसवून न्यायालयापुढे मांडणारी वकिली, या दोन्हींशिवाय असा निकाल लागत नाही.

आकडे वाचायचे कसे

‘राज्यात गुन्ह्यांत इतक्या टक्क्यांनी वाढ’ अशी बातमी दरवर्षी येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल काढतो. तो १९५३ पासूनच्या आकड्यांचा आहे, पण त्यात दिसतात ते नोंदवलेले गुन्हे, घडलेले नव्हेत. पोलीस ठाण्यापर्यंत न पोहोचलेल्या गुन्ह्यांना या विषयात ‘डार्क फिगर’ म्हणतात. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वाढल्या, तर तिथे अत्याचार वाढले असतील किंवा तक्रार करायची हिंमत वाढली असेल. आकडा एकच, अर्थ दोन.

आणखी एक बारकावा आहे. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली, तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. खून आणि बलात्कार एकाच प्रकरणात असतील, तर मोजणीत ते प्रकरण खुनाच्या खात्यात जातं. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता पुढे ढकलण्याआधी एवढं माहीत असणंही पुष्कळ.

काही आकडे मात्र वेगळा अर्थ लावायला जागाच ठेवत नाहीत. एनसीआरबीच्या २०२२ च्या तुरुंग अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. शंभरातले जवळपास ७६.

कायद्याचा पेपर काय शिकवतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. ५११ कलमांची जुनी दंड संहिता ३५८ कलमांवर आली. आज प्रवेश घेणाऱ्याला खून ‘३०२’ नाही तर ‘१०३’ म्हणून शिकावा लागतो. मात्र जुने खटले जुन्याच कलमांखाली चालू असल्याने दोन्ही आकडे लक्षात ठेवण्यावाचून सुटका नाही.

या बदलांत गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असं बरंच आहे. किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘समाजसेवा’ ही शिक्षा पहिल्यांदाच संहितेत आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद झाली. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की त्याला जामिनावर सोडायचं असतं. मात्र जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरीही सवलत मिळत नाही. वरचे सव्वाचार लाखांहून जास्त कच्चे कैदी आणि हे कलम शेजारी ठेवले, की या जोडपदवीचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही.

नार्को टेस्टचंही असंच. मोठं प्रकरण गाजलं की ‘नार्को करा’ अशी मागणी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही.

फाशीच्या शिक्षेत तर दोन विषयांमधली भिंतच उरत नाही. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून न्यायालयाला आरोपी सुधारण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीची मानसिक तपासणी, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल समोर हवा. आरोपीचं बालपण, घर, आजार, शाळा हे सगळं शोधून काढायला गावोगाव फिरणारे अभ्यासक लागतात. एका माणसाचा जीव त्या अहवालावर टांगलेला असू शकतो.

भारतात ही पदवी कशी मिळते

इथे जरा जपून वाचा, कारण जाहिरातींमध्ये नेमकं हेच झाकलेलं असतं.

भारतात वकिली करायची तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या संस्थेतून घेतलेली कायद्याची पदवी लागते. त्याच्या दोनच वाटा आहेत: बारावीनंतर पाच वर्षांची एकात्मिक पदवी (बीए एलएलबी, बीएससी एलएलबी वगैरे), किंवा आधी कोणतीही पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी. नुसती ‘बीए क्रिमिनॉलॉजी’ किंवा ‘बीएससी फॉरेन्सिक’ करून सनद मिळत नाही.

पाच वर्षांच्या पदवीत गुन्हेगारीशास्त्र दोन प्रकारे येतं. एक, ऐच्छिक विषय म्हणून एखाद-दोन पेपर. दोन, ऑनर्स म्हणून. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ऑनर्ससाठी जे विषयगट दिले आहेत, त्यात ‘गुन्हे आणि गुन्हेगारीशास्त्र’ हा एक गट आहे. पण गट नियमांत आहे म्हणून प्रत्येक कॉलेज तो शिकवतंच असं नाही. कंपनी कायदा आणि बौद्धिक संपदेला मागणी जास्त, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेच गट चालतात. प्रवेशाआधी मागच्या दोन वर्षांत तो गट प्रत्यक्ष शिकवला गेला का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. माहितीपुस्तकावर जाऊ नये.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत (महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर) प्रवेश क्लॅटमधून मिळतो. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. राज्यातल्या इतर विधी महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ आहे. पाच वर्षांच्या पदवीसाठी बारावीला खुल्या गटात किमान ४५ टक्के, ओबीसींसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात.

‘सकाळी एलएलबी, दुपारी एमए क्रिमिनॉलॉजी’ असा बेत काही जण आखतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार कायद्याच्या पदवीसोबत दुसरी नियमित पदवी करता येत नाही. दूरशिक्षणातल्या अभ्यासक्रमांना सूट आहे.

दुसरी वाट लांब असली, तरी अनेकांसाठी जास्त पक्की ठरते. आधी समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा गुन्हेगारीशास्त्रात पदवी, मग तीन वर्षांची एलएलबी. पाचऐवजी सहा वर्षं लागतात, पण तीन वर्षं एक विषय पुरता शिकून होतो. पुढे शिकायचं तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथे गुन्हेगारी आणि न्याय या विषयातलं समाजकार्याचं शिक्षण अनेक दशकांपासून चालतं, आणि तिचाच ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो आहे.

इंग्लंडची तीन वर्षांची पदवी: आकर्षण आणि अडचण

‘लॉ विथ क्रिमिनॉलॉजी’ या नावाची पदवी सर्वाधिक दिसते ती ब्रिटनमध्ये. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि करार, अपकृत्य, मालमत्ता, न्यास, फौजदारी आणि घटनात्मक कायद्याच्या जोडीला गुन्हेगारीशास्त्राचे पेपर. नावात ‘विथ’ असेल तर कायदा मुख्य आणि दुसरा विषय जोडीला, ‘अँड’ असेल तर साधारण निम्मं-निम्मं, असा संकेत आहे. बॅरिस्टर व्हायचं असेल तर कायद्याचे सगळे पायाभूत विषय त्या पदवीत आहेत ना, हे पाहावं लागतं. सॉलिसिटरसाठी २०२१ पासून एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

खरी अडचण परत येताना कळते. बारावीनंतर थेट तीन वर्षांत घेतलेली परदेशी एलएलबी भारतातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. इथे वकिली करायची तर पूरक अभ्यासक्रम आणि बार कौन्सिलची पात्रता परीक्षा पार करावी लागते. कर्ज काढून मुलीला लेस्टर किंवा मँचेस्टरला पाठवणाऱ्या पालकांना एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

पुढे काम कुठे मिळतं

पदवीनंतर राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा, मग वकिली. फौजदारी वकिलीची पहिली काही वर्षं सत्र न्यायालयात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली आणि तुटपुंज्या पैशांत जातात, हे गृहीत धरूनच चालावं. सहायक सरकारी अभियोक्ता आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदांच्या परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली, त्यामुळे कॉलेजमधून थेट न्यायाधीश होण्याचा रस्ता आता बंद आहे.

गुन्हेगारीशास्त्राचा भाग उपयोगी पडतो अशी कामं जरा आडवाटेला आहेत: परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळासोबतची कामं, पीडितांना भरपाई मिळवून देणाऱ्या संस्था, बँका आणि कंपन्यांमधली आर्थिक फसवणुकीची चौकशी, सायबर गुन्ह्यांचा अभ्यास, तुरुंगांवरचं संशोधन. यातल्या काही नोकऱ्या समाजकार्याची पदवी मागतात, म्हणून जाहिरातीतली पात्रता आधी वाचावी.

ज्यांना कोर्टात उभं राहायचंय, त्यांच्यासाठी लोकअभिरक्षक कार्यालय ही अलीकडची जागा आहे. वकील परवडत नाही अशा आरोपींचा बचाव करायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत पूर्णवेळ वकील नेमण्याची ही योजना आहे. मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक अशी तिची रचना आहे. सहायकाच्या जागेसाठी तुलनेने नव्या वकिलांनाही अर्ज करता येतो, आणि जाहिराती जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळांवर निघतात.